डावीकडे काय होतं

सकाळी साडेसहा वाजता माझ्या सासऱ्यांनी मारुतीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ते स्वतः डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास, तासगावहून परतताना, जांभूळफाट्याच्या वळणावर त्यांच्या गाडीला काहीतरी लागलं होतं. गाडीत ते आणि माझ्या सासूबाई, दोघंच होते. सासूबाई म्हणाल्या, कुत्रं होतं. सासरे काहीच म्हणाले नव्हते.

"बस," ते म्हणाले. "आजपासून तू चालवायचीस."

"आणि तुम्ही?"

"मी आता चालवणार नाही."

दोन हजार एक सालचा डिसेंबर होता. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. नवरा भरतेश चिंचवडच्या कारखान्यात नोकरीला होता आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. दिवाळीत त्याने मला शिकाऊ लायसन काढून दिलं होतं आणि ते तेव्हापासून कपाटात पडून होतं. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं. नेमगोंडा मगदूम, जनावरांचे डॉक्टर. निवृत्त होऊन बराच काळ झाला होता, तरी कुणाची म्हैस अडली की आधी आप्पांच्या दारात माणूस यायचा.

"आप्पा, कुत्र्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका," मी म्हणाले.

"क्लच दाब," ते म्हणाले.

गाडी दारातून निघाली ती तीन वेळा बंद पडून. वडाच्या पारावर माणसं ऊन खात बसली होती. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा एकजण ओरडला, "डॉक्टर, गाभण हाय काय ती? पुढं सरंना झालीया."

"पहिलारू आहे," आप्पा खिडकीतून म्हणाले. "वेळ लागतो."

गाव मागे पडल्यावर त्यांनी शिकवायची रीत सांगितली. नजर समोर ठेवायची आणि जे दिसेल ते मोठ्याने बोलत राहायचं.

"सगळं?"

"सगळं. बोललं की लक्ष राहतं."

"समोरून कोणीतरी येतंय."

"कोणीतरी म्हणजे?"

"बाई. डोक्यावर पाटी आहे."

"कुठल्या बाजूनं?"

"डावीकडून. घाईत आहे."

"घाई तुला दिसली? भराभर चालतीय म्हण. घाई तिची तिला माहीत."

मी हसले. ते हसले नाहीत. थोडं पुढे गेल्यावर मी गप्प झाले, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी लगेच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. रस्ता मोकळा आहे."

"मग मोकळा आहे असं म्हण. गप्प बसू नको. कुठपर्यंत मोकळा?"

"ओढ्यापर्यंत."

"ओढ्यापर्यंत मोकळा. असं."

परत आल्यावर त्यांनी मला गाडीच्या डाव्या बाजूला नेलं. मारुतीला डावीकडे मुळात आरसा नव्हता. आप्पांनी तो मुद्दाम बसवून घेतला होता. "आरसा कसा झालाय सांग," ते म्हणाले. मला नवल वाटलं, कारण ते त्याच्या शेजारीच उभे होते. पण सकाळपासून ते मला बोलायलाच लावत होते, म्हणून हाही धड्याचाच भाग असेल असं मी धरलं.

"मागे वाकलाय. काचेला खालच्या कोपऱ्यात तडा आहे. दांड्यावर ओरखडा आहे."

"आणि दारावर?"

"दारावर काही नाही. फक्त धूळ."

"खाली, चाकापाशी?"

मी वाकून बघितलं. "काही नाही."

त्यांनी मान हलवली आणि आत निघून गेले.

सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, मी स्वयंपाकघरात विचारलं. त्या भाकरी थापत होत्या.

"आक्का, कसलं कुत्रं होतं हो?"

"कुत्र्यासारखं कुत्रं. भुरं."

"आरशाला लागलंय."

"उडी मारली असंल. तू पाणी गाळून घेतलंस का? सकाळपासनं गाडीतच आहेस."

आक्का नेमाच्या पक्क्या. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. घराबाहेर शिजलेलं काही खायचं नाही. आमच्या गावातल्या जैन घरांत वयस्कर बायका हे पाळतातच, पण आक्कांइतकं काटेकोर कुणी नव्हतं. आदल्या दिवशी तासगावला नात्यातल्या पूजेला गेल्या, तिथे उशीर झाला आणि सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. थंडीचे दिवस, सूर्य लवकर बुडणार, त्याआधी घरी पोहोचून दोन घास खायचे म्हणून आप्पांनी गाडी जोरात घेतली होती. एवढं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं होतं. घरी पोहोचले तेव्हा दिवस बुडून गेला होता आणि आक्का तशाच झोपल्या होत्या.

एक गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली होती. आप्पा जनावरासाठी थांबले नाहीत, असं मी वर्षभरात एकदाही पाहिलं नव्हतं. लंगडणारं शेळीचं करडू दिसलं तरी ते गाडी बाजूला घेऊन उतरायचे आणि आक्का गाडीत बसून कुरकुरायच्या.

तसंही गाडीत आक्कांचं तोंड कधी थांबायचं नाही. आमच्या घरातला तो ठरलेला विनोद होता. लग्न झाल्यावर पहिल्यांदा त्यांच्यासोबत प्रवासाला निघालो, तेव्हा भरतेश मला म्हणाला होता, "कानात बोळे घाल. आकाशवाणी सुरू होईल." आणि झाली. डावीकडं सायकल. पुढं बैलगाडी, दोन बैल, एक मोकाट मागनं. उजवीकडनं ट्रक, येऊ दे त्याला, येऊ दे, गेला. पोरं खेळालीत शाळेपाशी, हळू. आप्पा न चिडता, न बोलता गाडी हाकत राहायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना सवय झाली. आक्कांना गाडीची भीती वाटते, असंही मी धरून चालले होते.

आता आप्पांनी चालवणं सोडलं आणि आक्कांनी गाडीत बसणं. त्या रविवारी शेजारच्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, महाराज येणार होते. मी म्हणाले, आप्पा शेजारी आहेत, मी हळू नेते. आक्का पदर खोचत म्हणाल्या, "एसटी आहे की," आणि निघून गेल्या.

धडे रोज चालले होते. पहिल्या आठवड्यात आप्पांनी मला गावाभोवतीच फिरवलं. मग एके सकाळी म्हणाले, तासगाव रस्त्याला घे.

"मोठ्या रस्त्यावर? इतक्यात?"

"तू चांगली बोलतीस," ते म्हणाले. चांगली चालवतेस, असं म्हणाले नाहीत.

जांभूळफाट्याच्या वळणावर त्यांनी मला दुसऱ्या गिअरमध्ये जायला सांगितलं, मग थांबायला.

"डावीकडे काय आहे?"

"खडी. उसाची चिपाडं पडलीत. मग चर आहे. चरात गवत."

"उतरून बघ."

मी उतरले. ते बसून राहिले. मी चराच्या कडेने चालत गेले आणि जे दिसत होतं ते खिडकीतून ऐकू जाईल अशा आवाजात सांगत राहिले. चिपाडं. एका ठिकाणी गवत दबलेलं. प्लॅस्टिकची पिशवी. हाडं नाहीत, केस नाहीत, वास नाही. एवढ्या दिवसांत रस्त्यावरून ऊस भरलेल्या शेकडो ट्रॉल्या गेल्या असतील. तिथं काय उरणार होतं?

वळणाच्या पलीकडे चहाची टपरी होती. तिथे गाडी लावली. टपरीवाला आप्पांना ओळखत असावा. तो फडक्याला हात पुसत आला, डाव्या खिडकीशी उभा राहिला आणि हात जोडून हसला. खिडकी उघडी होती. तो आप्पांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होता. आप्पा समोर बघत राहिले. माणूस हात जोडून तसाच उभा. मला ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी तो म्हणाला, "डॉक्टर, रागावलाय काय माज्यावर?"

आप्पा दचकले आणि संपूर्ण मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "अरे, तू होय," ते म्हणाले. "दोन चहा आण."

तो गेला. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"आप्पा, तो तुमच्या खिडकीशी उभा होता."

"हं."

"तुम्हाला दिसला नाही."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "समोरचं दिसतं. बाजूचं गेलंय. नळीतनं बघावं तसं. काचबिंदू आहे. मिरजेला दाखवलं तेव्हाच उशीर झाला होता."

"कधीपासून?"

"तुमच्या लग्नाच्या आधीपासनं."

"मग गाडी कशी चालवत होतात?"

"ती सांगायची."

चहा आला. आम्ही दोघांनी तो गाडीतच घेतला. मला सगळी आकाशवाणी आठवत होती, एकेक सायकल आणि एकेक बैल. आम्ही मागच्या सीटवर बसून हसत होतो आणि पुढे त्या दोघांचं हे चाललं होतं.

"भरतेशला माहीत आहे?"

"कुणाला नाही. तिला आणि मला."

"आप्पा, हे फार वाईट केलंत."

"मला ठाऊक आहे काय केलं ते," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आता त्या संध्याकाळचं ऐक. ऊन सरळ डोळ्यांवर होतं. ती बोलत होती. मग वळणाच्या आधी गप्प झाली. आमचं ठरलेलं होतं, ती गप्प म्हणजे रस्ता मोकळा. म्हणून मी वेग कमी केला नाही. आणि डावीकडं टक्‌ असा आवाज झाला. मी ब्रेकवर पाय नेला, विचारलं, काय होतं? ती म्हणाली, कुत्रं. चला, दिवस बुडाला."

"आणि तुम्ही निघालात."

"निघालो." ते थांबले. "घरी येऊन झोपलो तेव्हा डोक्यात आलं. कुत्र्याला गाडी लागली तर ते ओरडतं. जागीच मेलं तर चाक त्याच्यावरनं जातं, गाडी उडते. दोन्ही झालं नाही. सकाळी तू म्हणालीस, लागलंय ते आरशाला. कुत्रं आरशाएवढं उंच असतं?"

"ऊस असेल. ट्रॉलीतून बाहेर आलेला."

"असेल. ऊस असला तर बरंच आहे." त्यांनी रिकामा पेला माझ्याकडे दिला. "ती माझं मन राखती. सगळी उमर राखलंय. तू राखू नको. तुला दिसतं ते सांग. मला कळलं पाहिजे, मी माणसाला धडक देऊन आलोय का."

पेले परत द्यायला मी उतरले आणि टपरीवाल्याला विचारलं, गेल्या आठवड्यात इथे काही अपघात वगैरे झाला का.

"बिरू कोळेकर पडला की सायकलीवरनं. दुधाच्या किटल्या घिऊन डेअरीला चालला व्हता. पाय मोडला. दूध समदं चरात."

"कसा पडला?"

"गाडीचा धक्का लागला म्हनत्यात."

"कुठली गाडी?"

"आता ते कोन बगायला गेलंय, ताई. दिवस बुडायची येळ."

मी गाडीत येऊन बसले आणि ते सगळं शब्दाशब्दाने आप्पांना सांगितलं. शेवटी, "तो म्हणाला, म्हणतात. त्याने स्वतः पाहिलेलं नाही," हेही सांगितलं.

"बिरू कोळेकर," आप्पा म्हणाले. मग त्यांनी रस्ता सांगितला.

कोळेकरांची वस्ती टपरीपासून दूर नव्हती, पण शेवटचा तुकडा कच्चा होता आणि मला तिथे पहिल्यांदाच चढावर क्लच अर्धा सोडून गाडी धरावी लागली. आप्पा काही न शिकवता बसले होते. दारात मेंढरांचा वाडा, भोवती वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेलं, दोन कुत्री भुंकत पुढे आली. बिरू पडवीत बाजेवर होता. गुडघ्यापासून खाली प्लॅस्टर. आप्पांना बघून तो उठायला लागला.

"निजून राहा," आप्पा म्हणाले.

"डॉक्टर, तुमी कशाला? सांगावा धाडला असता तर..." त्याला पुढे काय म्हणायचं ते सुचेना, कारण सांगावा धाडून तो येणार कसा होता? त्याची बायको तायव्वा हसली आणि घोंगडं आणायला आत गेली.

मला मागाहून कळलं ते असं. काही वर्षांपूर्वी बिरूच्या मेंढरांत रोग शिरला होता. आप्पा महिनाभर रोज त्या वाड्यावर येत होते. निम्मा कळप गेला, निम्मा वाचला. त्या वाचलेल्या निम्म्यावर बिरूने पुढचं सगळं उभं केलं होतं.

आप्पा घोंगड्यावर बसले. "बिरू, कसा पडलास?"

"आपसूक. चाक घसारलं खडीवर."

"गाडीचा धक्का लागला म्हणतात."

"लोकं काय, कायबी म्हनत्यात. माज्या सासऱ्याला वाघानं खाल्लं म्हनत्यात, त्यो कराडला हाय अजून."

"बिरू, त्या संध्याकाळी त्याच वळणावरनं मी आलो. आरशाला काहीतरी लागलं. मी थांबलो नाही."

वाड्यात एक मेंढी खोकत होती आणि आप्पांचं लक्ष क्षणभर तिकडे गेल्याचं मला दिसलं.

"तुमची नव्हं ती, डॉक्टर," बिरू म्हणाला.

"म्हणजे कुणाची तरी होती."

"गाडीच नव्हती म्हनतोय की मी. तुमी आन्‌ मला शबदात धरू नगा."

"ती मेंढी कधीपासनं खोकतीय?" आप्पांनी विचारलं.

"झालं दोन-चार रोज."

"वेगळी बांध तिला."

तायव्वाने चहा दिला. निघताना बिरू दोन्ही हात जोडून म्हणाला, "तुमी मनात आणू नगा."

गाडीत बसल्याबरोबर आप्पांनी विचारलं, "बोलताना तो कुठं बघत होता?"

"जमिनीकडे."

"आणि ती?"

"त्याच्याकडे. तुम्ही आरशाचं म्हणालात तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. 'ऱ्हाऊ दे' असं काहीतरी म्हणाली, पण तुम्हाला म्हणाली की त्याला, ते कळलं नाही."

"तुला काय वाटतं?"

"वाटतं ते नको म्हणाला होतात."

"बरोबर," ते म्हणाले. "तो माझं नाव घेणार नाही. जीभ झडली तरी घेणार नाही. म्हणजे त्याचं बोलणं माझ्या कामाचं नाही. दुसरा कुणी असता तर बरं झालं असतं."

त्या दिवशी आम्ही सूर्यास्ताच्या आत जेवायला बसलो. आक्का वाढत होत्या. आप्पांनी ताटाला हात लावला नाही.

"अगं, बिरू कोळेकराचा पाय मोडलाय. त्याच संध्याकाळी, त्याच वळणावर."

आक्कांनी भाजी वाढली. "मग? बरा होईल."

"तू काय बघितलंस?"

"कितीदा सांगू? कुत्रं."

"कसलं?"

"काळं. एवढं मोठं."

आप्पा माझ्याकडे वळले, संपूर्ण मान वळवून. "तुला काय म्हणाली होती?"

मला आक्कांकडे बघवलं नाही.

"भुरं म्हणाल्या होत्या," मी म्हणाले.

आक्कांनी पातेलं खाली ठेवलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या खाली बसल्या.

"मिळाले तुम्हाला नवीन डोळे," त्या आप्पांना म्हणाल्या. "आता जुन्यांना कशाला विचारता?"

"तू का गप्प झाली होतीस? वळणाच्या आधी?"

"मोकळा होता रस्ता. म्हणून गप्प होते."

"मोकळा होता, तर कुत्रं कुठनं आलं?"

त्या उठल्या, आणि देवापुढे जाऊन बसल्या. आप्पांनी ताट बाजूला सरकवलं. त्यांचं जेवण तिथेच राहिलं आणि बाहेर दिवस बुडाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पोलीस चौकीवर न्यायला लावलं. हवालदारांनी खुर्ची दिली. आप्पांनी डोळ्यांसकट सगळं सांगितलं. हवालदार ऐकत होते आणि हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवून फिरवत होते.

"डॉक्टर," ते शेवटी म्हणाले, "जखमी म्हणतो आपण पडलो. तुमच्या घरच्या म्हणतात कुत्रं. तुम्ही म्हणता दिसलंच नाही. मग मी लिहू काय?"

"हेच लिहा."

"हे लिहिलं तर कुत्र्याचा जबाब घ्यावा लागेल मला." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, यांना गाडी देऊ नका आता. बाकी मी काही ऐकलेलं नाही."

भरतेशला आप्पांनी स्वतः फोन करून डोळ्यांचं सांगितलं. तो त्याच रात्रीच्या गाडीने आला, खूप बोलला, मग आईबरोबर बराच वेळ अंगणात उभा राहिला. आत आल्यावर मला म्हणाला, "आपण तिला आकाशवाणी म्हणायचो."

पुढच्या महिन्यात मला पक्कं लायसन मिळालं. परीक्षा घेणारे साहेब मला म्हणाले, "बाई, गाडी चालवताना एवढं बडबडू नका." मला ते बंद करता आलं नाही. आजही एकटी असले तरी ओठ हलतात.

त्यानंतर दर गुरुवारी मी आप्पांना बिरूच्या वाड्यावर नेत असे. त्याचा पाय जुळला, पण वाकडा जुळला. तो काठी घेऊन कळपामागे जायचा आणि आप्पा वाड्यात बसून हाताने मेंढ्या तपासायचे, डोळे पूर्ण गेल्यानंतरसुद्धा. दोघं तासभर बोलायचे. पाऊस, चारा, खूर, लोकर. वळणाचा विषय निघाल्याचं मी पुन्हा ऐकलं नाही. एकदा परतताना आप्पा म्हणाले, "बायकोनं सांगावं, तुम्ही मारलं नाही. ज्याला लागलं त्यानंही तेच सांगावं. आणि तरी माणसाला झोप लागू नये." मी समोर बघून म्हणाले, "ओढ्यापर्यंत मोकळा." त्यांनी मान हलवली.

आप्पा दोन हजार आठमध्ये गेले. बिरू मातीला आला होता, काठी टेकत. तो गेल्यालाही आता दोन वर्षं झाली. तायव्वा मुलीकडे असते. मी तिला भेटून आले. ती म्हणाली, "त्येंनी मला शपथ घातलीया," आणि कशाची ते सांगितलं नाही.

आक्का माझ्या गाडीत सोळा वर्षं बसल्या नाहीत. गुडघे धरले आणि एसटीच्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा बसल्या. मागे बसायच्या. या दिवाळीनंतर एकदा सांगलीहून येताना मी त्यांना पुढे बसवलं, कारण मागे पाय लांब करता येत नव्हते. त्या बाहेर बघत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. मी माझ्या सवयीने पुटपुटत होते.

तासगाव मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माझा डोळा लागला होता."

मी वेग कमी केला.

"सकाळपासनं पोटात काही नव्हतं. ऊन तोंडावर. लागला डोळा. आवाजानं उघडला. ते विचारालेत, काय होतं, काय होतं. मागं नुसती धूळ. मी म्हटलं कुत्रं."

"मग झोप लागली होती, असं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी त्यांना अंधारात सोडलं." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सोडलंच की."

त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. गेल्या आठवड्यात, त्याच रस्त्यावर, मी न विचारता त्यांनी ते पुन्हा सांगितलं. उपास, ऊन, आवाज, धूळ, सगळं तसंच. फक्त या वेळी डोळा लागला होता, असं त्या म्हणाल्या नाहीत. "मी डोळे गच्च मिटून घेतले," असं म्हणाल्या.

मी गाडी कडेला थांबवली आणि विचारलं, "आक्का, झोप लागली होती, की काहीतरी दिसलं म्हणून मिटलेत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीची काच वर घ्यायला सांगितली, गार वारा लागतोय म्हणाल्या.